दारफळणीचा सण, जानेवारीत

काका जुलै २०२२ मध्ये हरवले. दुपारचे साडेतीन वाजले होते, लेक ऑफिसात, बाहेर धो धो पाऊस, आणि हे छत्रीसुद्धा न घेता जिना उतरले. भायखळ्याला गाडीत बसले, सँडहर्स्ट रोड गेलं, मशीद स्टेशनला उतरले. इथपर्यंत एकही चूक नाही, पन्नास-साठ वर्षांचा पायाखालचा रस्ता. पुढे मात्र गल्ली सापडेना. मग दिसेल त्याला विचारू लागले, "जुनी मशीद कुठेय?"

त्या भागात या प्रश्नाला दहा उत्तरं आहेत. एका हातगाडीवाल्याने हाताला धरून त्यांना जवळच्या मशिदीत नेलं. तिथल्या लोकांनी भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसवलं, अंग पुसायला टॉवेल दिला, चहा पाजला. काका सारखे म्हणत होते, "ही नव्हे. माझ्यावाचून दहा माणसं व्हायची नाहीत, मला सोडा." शेवटी तिथल्याच एका वयस्कर दुकानदारांच्या ध्यानात आलं की बाबा यहुदी आहेत. त्यांनी काकांना स्वतः सॅम्युअल स्ट्रीटवर पोचवलं आणि तिथून लेकीला फोन गेला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, आपल्या प्रार्थनास्थळाला पूर्वापार मशीद म्हणत आले आहेत. मांडवीतलं शअर हारहमीम हे सिनेगॉग सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. मुंबईतलं ते सर्वांत जुनं, म्हणून ती 'जुनी मशीद'. शेजारच्या स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं मानणारे पुष्कळ आहेत. आणि 'दहा माणसं' हा काकांचा भास नव्हता. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. ज्या समाजातली बहुतेक घरं १९४८ नंतर एकेक करून इस्राएलला निघून गेली, तिथे दहावा माणूस आला की नाही हा रोजचा खरा प्रश्न असतो. काका गेली कित्येक वर्षं तो दहावा माणूस होते.

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मेमरी क्लिनिकमध्ये वैद्यकीय समाजसेविका आहे. हरवण्याच्या त्या प्रसंगानंतर काका आमच्याकडे आले. हे लिहायला त्यांच्या लेकीची परवानगी आहे. नावं मी कुणाचीच देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत.

घर आणि घरातलं मौन

काका तेव्हा ७८ वर्षांचे. जन्म रेवदंड्याचा, बालपण तिथेच, मग मुंबई, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून नोकरी. पत्नी २०१५ मध्ये गेली. मुलगा इस्राएलमधल्या अश्दोदला. इथे एकटी लेक, पन्नाशीला आलेली, बँकेत नोकरीला, लग्न केलेलं नाही. घरी बोली मराठी, आपण बोलतो तशीच. समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचलेले लोक तिथेच रुजले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' झाले. मला हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. एवढं जवळचं माणूस, आणि त्यांच्याबद्दल मी सगळं वयाच्या चाळिशीनंतर एका रुग्णाच्या निमित्ताने शिकले, याची मला खंत आहे.

पहिल्या भेटीत लेक म्हणाली, "तीन-चार महिन्यांपासून विसरतात." तिसऱ्या भेटीत म्हणाली, "दोन वर्षं झाली असतील." हे आम्हाला नवीन नाही. सगळ्याच समाजांत घरचे लोक आधी वय म्हणून सोडून देतात, मग म्हातारचळ म्हणतात, मग गप्प बसतात. पण इथे गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं आणि ते तिने फार उशिरा, जिन्यात उभं राहून सांगितलं. "आमची माणसं किती उरलीत, ताई? सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्या चुलत भावाची मुलगी लग्नाची आहे. आजच्या आज बातमी ठाण्याला जाईल आणि उद्या इस्राएलला. घराण्यात वेड आहे म्हणतील."

स्मृतिभ्रंश म्हणजे वेड नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होण्याचा तो आजार आहे, आणि उतारवयात सुरू होणारा अल्झायमर बहुतांश वेळा सरळ बापाकडून मुलाकडे येत नाही. हे मी तिला समजावलं. तिला ते पटलंही. पण तिला भीती आजाराची नव्हती, बातमीची होती, आणि त्यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. मोठ्या समाजात हा आकडा गर्दीत विरून जातो. शे-दीडशे घरांच्या वर्तुळात एकाच माणसावर बोट येतं.

पुढे कळलं की सिनेगॉगमधल्या मंडळींना सगळं आधीच माहीत होतं. काकांचं पान चुकायला लागलं तेव्हा शेजारी बसणारे गृहस्थ न बोलता त्यांच्या पुस्तकावर बोट ठेवायचे. कुणी त्यांना घरी पोचवायचं. दोन वर्षं त्यांनी त्यांना असं सांभाळून घेतलं होतं आणि लेकीला अवघडल्यासारखं होईल म्हणून तिच्याकडे एक अक्षर काढलं नव्हतं. तीही त्यांच्यापासून लपवत होती. मला त्या माणसांबद्दल आदरच वाटतो. तरीही त्या दोन वर्षांत कुणीतरी डॉक्टर हा शब्द उच्चारायला हवा होता, असंही मला वाटतं.

चाचणी

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकांची स्मरणचाचणी झाली. आपल्याकडे जी तीस गुणांची चाचणी सर्रास वापरतात ती मूळ १९७५ सालची, अमेरिकेतली. हिंदीत तिच्या धर्तीवर वेगळी चाचणी तयार झाली ती हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या लोकांसाठी, १९९५ च्या सुमारास. त्या दिवशी ओपीडीत बसलेले निवासी डॉक्टर दुसऱ्या राज्यातले होते, भले, मेहनती, पण मराठी येत नव्हतं. त्यांनी हिंदीत विचारलं. काकांना हिंदी येतं, पण ते बाजाराचं आणि वर्कशॉपचं. शिवाय उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. तीसपैकी चौदा गुण पडले.

चाचणीच्या कागदावर एका ठिकाणी 'महिना' या प्रश्नापुढे फुली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'निरर्थक शब्द'. मी लेकीला विचारलं, काय म्हणाले होते ते? ती म्हणाली, "एलूल म्हणाले."

एलूल हा हिब्रू पंचांगातला महिना. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात एलूलच चालू होता. ते बरोबर होते.

दोन आठवड्यांनी कानातला मळ काढून, डाव्या बाजूला बसून, मराठीत चाचणी पुन्हा घेतली. एकोणीस गुण आले. मी इथे कुठलाही चमत्कार सांगत नाही. एकोणीस हेही कमीच आहेत, एमआरआयमध्ये हिपोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, आक्रसलेला दिसत होता आणि निदान अल्झायमरचंच झालं. पण चौदा आणि एकोणीस यांत उपचाराच्या दृष्टीने फरक पडतो. कुटुंबाला काय सांगायचं, एकटं किती वेळ ठेवायचं, पैशांचे व्यवहार कधी लेकीच्या हाती द्यायचे, सगळं त्यावर ठरतं. रक्ततपासणीत बी-१२ बरंच कमी निघालं. काका मासे खाणारे, मग कमी कसं? मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू होतं, आणि ते दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ घटू शकतं. इंजेक्शनं सुरू केली, डोनेपेझिल सुरू केलं. डोनेपेझिलने आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडी मदत होते, हे लेकीला आधीच स्पष्ट सांगितलं.

ब्युरोमधून दिवसपाळीला मावशी आल्या. मुरुडच्या, प्रेमळ, हाताला चव असलेल्या. आता सगळं मार्गी लागेल असं मला वाटलं.

जानेवारी

मावशींनी पहिल्याच आठवड्यात कौतुकाने कोळंबीचं सुकं केलं. काकांनी ताट सरकवलं. दुसऱ्यांदा मटणाबरोबर वाटीभर दही ठेवलं, तेही ताट गेलं. मी फाईलमध्ये लिहिलं, 'जेवणाबाबत संशयी'. आज ते वाचताना मला फार वाईट वाटतं. कोळंबी त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून तर त्यांच्या घरच्या रश्शाला नारळाचं दूध असतं. नातवंडांची नावं विसरलेला माणूस हे विसरला नव्हता. लेक सकाळी आठला घराबाहेर, रात्री साडेआठला घरी, आणि तिला वाटलं होतं की मावशींना एवढं कुणीतरी सांगितलं असेल. कुणीतरी म्हणजे मी.

जानेवारी २०२३ मध्ये खरं प्रकरण झालं. मावशींचा फोन आला की काका दोन दिवसांत तिसऱ्यांदा बिथरलेत. सकाळी आंघोळ करून पांढरा सदरा-पायजमा घालतात, घरातल्या सगळ्या खिडक्या आणि दारं लावून कड्या घालतात, पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि हात लावायला गेलं की "शिवू नको" म्हणून ओरडतात. मावशी रडत होत्या. "मी काय वाईट केलं हो त्यांचं? जात विचारल्यासारखं करतात."

आठवड्यापूर्वी अशाच एका फोननंतर मनोविकार विभागाने शांत करणारी क्वेटियापिनची छोटी गोळी रात्रीसाठी दिली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्या शेवटचा उपाय म्हणून, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस द्यायच्या असतात. आता मात्रा वाढवावी का, असा विचार चालू होता. मी म्हटलं, आधी घरी जाऊन येते.

त्या खोलीतलं मला सगळं लख्ख आठवतं. सकाळचे साडेदहा, पण आत संध्याकाळ. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या बंद, फटींतून येणाऱ्या उजेडाच्या रेघा फरशीवर. दाराच्या चौकटीला उजवीकडे मझूझाची, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी ठेवायची, छोटी तिरपी डबी, वर्षानुवर्षं बोटं लागून मधोमध चकचकीत झालेली. काका पलंगाच्या कडेला ताठ बसलेले, डोक्यावर टोपी, ओठ हलत होते, आवाज नाही. कपाळावर घाम. हात थरथरत होते. मी ग्लुकोमीटर काढला. साखर ५८.

सकाळची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मावशींनी कशीबशी संधी साधून भरवली होती आणि त्यानंतर पोटात काही गेलं नव्हतं. साखर उतरली की बुद्धी आणखी गोंधळते, म्हणजे आम्ही ज्याला आजाराचं वर्तन म्हणत होतो त्यातलं निम्मं आमच्याच गोळीचं असू शकत होतं. पण साखरपाणी प्यायला ते तयार नाहीत. लेकीला फोन लावला, ती बँकेतून निघालीच होती. तिने वाटेतूनच इस्राएलमधल्या दिमोनाला आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मला जोडून घेतलं. काकांची मोठी बहीण, ८४ वर्षांची, साठच्या दशकात तिकडे गेलेली. तिकडे सकाळचे सात वाजले होते. मी फोन फिरवून खोली दाखवली. आत्याबाई क्षणभर बघत राहिल्या आणि शुद्ध कुलाबी मराठीत म्हणाल्या, "अगो, तो दारफळण करतोय."

योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. लेकीला योम किप्पूर अर्थातच माहीत होता. ती दर वर्षी उपास धरते. पण जानेवारीत, फोनवर, 'दारं लावतात, खात नाहीत' एवढंच ऐकून तिला तो आठवणार कसा? आणि तिच्या लहानपणी त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. रेवदंड्याला, आत्या आणि काका लहान होते तेव्हा, तो दारफळणीचा सण होता. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, घराबाहेर पडायचं नाही, आणि त्या दिवशी समाजाबाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. मावशींना 'शिवू नको' म्हणण्यामागे एवढंच होतं. आत्यांनी हे सांगितलं तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मग मला सांगायचं ना कुणी."

मी आत्यांना म्हटलं, साखर उतरलीय, त्यांनी आत्ता खायला हवं. त्या म्हणाल्या, मला त्याच्याशी बोलू दे. फोन काकांच्या डाव्या कानाशी धरला. त्यांनी भावाला लहानपणच्या नावाने हाक मारली. "अरे, तारे दिसले. सण सुटला. आता शिळा सण लागला, उठ, काहीतरी तोंडात घाल." दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो, त्या दिवशी एकमेकांकडे जायचं, खायचं-प्यायचं, गरिबांना द्यायचं. काकांनी विचारलं, "किती तारे?" "तीन," आत्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातून ग्लास घेतला.

पंधरा मिनिटांनी साखर ९६ झाली. त्या दिवसापासून ग्लिमेपिराइड बंद झालं, या वयात साखर थोडी चढी राहिलेली परवडते. महिन्याभरात क्वेटियापिनही थांबलं.

हा आजार अलीकडचं आधी पुसतो आणि जुन्यात जुनं सर्वांत शेवटी. आम्ही हे प्रत्येक कुटुंबाला सांगतो. पण ते जुनं काय आहे हे विचारायला आमच्या फॉर्मवर जागा नाही. धर्म: इतर, एवढी एक चौकट असते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो योग्यच झाला, पण त्याने ओपीडीतल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दारफळण कळत नाही. ते आत्याच सांगू शकत होती. आता मी प्रत्येक नव्या रुग्णाच्या घरी एकच जास्तीचा प्रश्न विचारते: यांचं लहानपण पाहिलेलं कोण आहे, आणि त्यांचा फोन नंबर काय?

वही

आत्या, लेक आणि मावशी यांनी मिळून एक वही केली. दोनशे पानी, साधी. दर गुरुवारी आत्याचा फोन यायचा, त्या सांगायच्या, मावशी लिहायच्या. 'मशीद म्हणजे सिनेगॉग.' 'भाकरी-पाव तोडण्याआधी पुटपुटतात, तोवर थांबायचं.' 'कोळंबी, खेकडे नाही. मटण असेल तर दही-दूध नाही.' 'पांढरे कपडे मागितले तर द्यायचे, दारं लावली तर लावू द्यायची, अर्ध्या तासाने म्हणायचं तारे आले.' संध्याकाळी पाच-साडेपाचला अस्वस्थता वाढायची, ती या आजारात अनेकांची वाढते. काका बाहेर जायला निघायचे. त्यावर वहीत उपाय होता: शमा म्हणायला लावायचं. 'शमा इस्राएल' ही प्रार्थना काका पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणतात, लेकीचं नाव आठवत नाही त्या दिवशीसुद्धा. आणि त्यांच्या समाजात मराठी कीर्तनाची परंपरा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची, जुन्या करारातल्या कथा आपल्याच चालींवर. आत्यांना तीन पदं तोंडपाठ होती. त्यांनी ती फोनवर म्हणून रेकॉर्ड करून पाठवली.

खिशात ठेवायला एक कार्ड केलं. त्यावर लेकीचा नंबर आणि मराठी-हिंदी-उर्दूत एक ओळ: मी जुनी मशीद विचारतो तेव्हा मला सॅम्युअल स्ट्रीटवरचं सिनेगॉग हवं असतं. उर्दू ओळ त्याच वयस्कर दुकानदारांनी लिहून दिली. लेक त्यांना मिठाई द्यायला गेली होती तेव्हा.

काका सापडले त्या दिवशी लेकीने मलिद्याचा नवस बोलला होता. तो फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी फेडला, एलियाहू हनबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या उरुसाच्या मुहूर्तावर. मला बोलावणं होतं. ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, बेदाणे, पाच प्रकारची फळं, गुलाबाची फुलं. खोलीत वीसेक माणसं दाटीवाटीने. प्रार्थना झाली, एलियाहूचं गाणं झालं, काका सगळ्यांबरोबर गात होते. प्रसाद वाटायच्या आधी लेक उभी राहिली आणि म्हणाली, "पपांना अल्झायमर आहे. दोन वर्षं मी लपवलं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुस्तकावर बोट ठेवणारे ते शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आम्हीही लपवलं, बाय." ठाण्याहून आलेल्या एक बाई तिथेच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, माझ्या सासूबाई रोज गॅस चालू ठेवतात, कुणाला दाखवायचं? त्या संध्याकाळी अशा तीन घरांनी मला नंबर मागितला. मी त्यांना क्लिनिकचे वार सांगितले. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या दोन्ही सरकारी हेल्पलाइन कागदावर लिहून दिल्या. आणि तीनही घरांना तोच प्रश्न विचारला, लहानपण पाहिलेलं कोण आहे? एका घरी कुणीच उरलेलं नव्हतं. तिथे आम्ही आत्यांनाच विचारतो. त्या घराचं मूळ गाव किहीम, आत्यांचं रेवदंडा, पण जमतं.

मावशी गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मुरुडला गेल्या, परत आल्या नाहीत. काकांचं बोलणं आता फार कमी झालंय. चमच्याने भरवावं लागतं, जिना उतरणं बंद झालं. शनिवारी सकाळी सिनेगॉगमधले दोघं-तिघं येऊन पलंगाशी बसतात. नव्या ताई नालासोपाऱ्याहून येतात. पहिल्या दिवशी लेकीने त्यांना वही दिली, त्यांनी ती दुपारी बसून पूर्ण वाचली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिलं: 'आज काकांनी खिडकीकडे हात केला. लावून दिली. सात वाजता तारे आले म्हटलं, मग दूध घेतलं.'